नव्या सालची गाडी

गाडी घ्यावी तर आमच्यासारख्याने! म्हणजे तेव्हा तरी मी असंच सांगत सुटलो होतो.

वर्ष संपत आलेलं. शोरूममध्ये चालू सालचं मॉडेल उभं होतं. गुडघेदुखीने बेजार झालेली आमची ही त्यात बसली, पाय जमिनीला टेकवले आणि कुणाचाही हात न धरता उतरली. "हीच घेऊ या. हिच्यातून मी माझी मी उतरते," म्हणाली. किती दिवसांनी तिचा चेहरा असा खुलला होता! बरोबर आलेल्या मेहुण्यानेही मान डोलावली.

पण मी पडलो हुशार. "अगं, आठवड्यात साल बदलेल आणि ही गाडी रात्रीतून म्हातारी होईल. आपण जानेवारीत नवं मॉडेल घेऊ." वर सेल्समनला गाड्यांच्या वयावर असं व्याख्यान दिलं, की बिचारा खुर्ची आणून बसला.

जानेवारीत नवं मॉडेल आलं. देखणं, बसकं, जमिनीला पोट घासणाऱ्या मांजरासारखं. न बघताच पैसे भरले होते. गाडी घ्यायला गेलो तेव्हा ही आत बसली म्हणण्यापेक्षा विहिरीत बादली जावी तशी गेली. बाहेर काही येईना. सेल्समन हात धरून ओढतोय, मी पलीकडच्या दाराने ढकलतोय. त्यात माझं कोपर हॉर्नवर पडलं आणि तो दाबलेलाच राहिला. लोकांना वाटलं, आनंदसोहळा चाललाय. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. शोरूमच्या भिंतीवर तो अजून आहे, 'समाधानी ग्राहक' म्हणून.

बाहेर आल्यावर ही एवढंच म्हणाली, "तुमची गाडी छान आहे हो."

तुमची! इतक्या वर्षांत आमच्या घरात तुमचं-माझं असं काही नव्हतं.

आणि ती जुनी गाडी? माझं व्याख्यान संपल्यावर मेहुणा गुपचूप मागे फिरला होता. वर्षअखेरीची सूट घेऊन गाडी घरीसुद्धा घेऊन गेला. आता कुठे जायचं झालं की तो दारात येतो. "ताई, चल. भावजी, तुम्ही या मागून."

ही टुणकन चढते. मी मागून एकटा जातो. पुढच्या काचेतून तिचा अंबाडा दिसतो, बोलताना हलणारा. एवढं काय बोलते कोण जाणे. पूर्वी ते मला ऐकू यायचं.

गाडी मात्र अगदी नवी आहे. शेजारच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही.