आठ, टिंब, एक

"माझी गोळी आणि सूर्य, यात उशीर झालाच तर सूर्याला होईल!" सोमवारी सकाळी घड्याळवाले काका अख्ख्या गल्लीला ऐकवून आले. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. बोटांचे सांधे सुजून बटाट्याएवढे झाले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. औषधवाल्याने पाकिटावर घाईघाईत खरडलं:

आठ. १

काकांनी गोळ्या स्प्रिंगांच्या डबीत ओतल्या.

सोमवार, आठ वाजता: एक.

मंगळवार, आठ वाजता: एक. "अहो, बोटं मोकळी झाली!"

बुधवार, आठ: एक. पेचकस गरगर फिरवून दाखवला.

गुरुवार, आठ: एक. डबी रिकामी.

शुक्रवार, आठाला पाच कमी: काका औषधवाल्याच्या दारात.

"संपल्या? काका, महिन्याच्या होत्या त्या!"

"चार गोळ्यांचा महिना? फेब्रुवारीसुद्धा एवढा आखूड नसतो!"

औषधवाला खडूसारखा पांढरा पडला. "आठ. म्हणजे आठवड्यातून एक! रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्त बनायचं थांबतं..."

"मग ते टिंब कशाला दिलंस, मेल्या?"

"संक्षेप, काका!"

दुकान उघडं टाकून दोघे धावले. दवाखान्यातलं घड्याळ सात मिनिटं मागे होतं. काकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आरशासमोर भिंग लावून स्वतःची जीभ बघत बसले. छातीत टिक, टिक, टि... एक ठोका चुकला! त्यांनी घरी काकूंना फोन लावला.

"ऐक. भिंतीवरच्या घड्याळाला दर रविवारी किल्ली देत जा. माझ्यामागे."

"तुमच्यामागे? कुठे निघालात?"

"आणखी कुठली दुखण्यावरची गोळी घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शेजारच्या शिंप्याची. दुपारी एक. त्याला गुण आला होता..."

"शिंप्याची! या औषधाबरोबर? मूत्रपिंडांचं काय होईल?"

सुई टोचली, रक्त काढलं. अंगात रक्त एवढंच उरलं असेल, असं काकांना वाटलं. डोळे भरून आले.

तेवढ्यात काकू धापा टाकत आल्या. मुठीत कागदाची पुडी, पुडीत तीन गोळ्या.

"पहिली गिळलीत, उरलेल्या सोमवारीच काढून ठेवल्या. गोळ्यांसोबतचा माहितीचा कागद वाचला मी. तुम्हाला सांगितलंही! तुम्ही कानाला घड्याळ लावून 'हूं' म्हणालात."

"मग पुढचे तीन दिवस मी काय गिळलं?"

"माझ्या जीवनसत्त्वाच्या. डबी रिकामी दिसली की घर डोक्यावर घेता ना!"

औषधवाल्याला उघडं टाकलेलं दुकान आठवलं.

"पण मंगळवारपासून बोटं मोकळी झाली, ती?"

डॉक्टरीणबाई खोकल्या. शिंप्याची गोळी तिथल्या तिथे बंद झाली, रक्त मात्र तपासायला गेलंच. नवा कागद अक्षरी लिहिला, एकही टिंब नाही: आठवड्यातून एकदा फक्त सोमवारी.

"सोमवारी किती वाजता?" काकांनी विचारलं.

"कधीही."

"कधीही?"

काकांनी पेन मागून घेतलं आणि कागदावर स्वतःच जोडलं: आठ वाजता.