थांबा, गम ओला आहे

सून परदेशात असली की सासूच्या बॅगेतून काय जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मेतकूट, गोडा मसाला, कुरडया, फार तर लोणचं, तेही तीन पिशव्यांत गुंडाळून. माझ्या सुनेने, केतकीने, डब्लिनहून फोन करून सांगितलं, "आई, मसाले इकडे सगळे मिळतात. तुम्ही फक्त जुन्या लग्नपत्रिका आणा. जमतील तेवढ्या."

मला वाटलं, लाइन खराब आहे. तिने पुन्हा सांगितलं, "वापरलेल्या चालतील."

लग्नपत्रिका वापरलेलीच असते, पण ते असो. आमच्या सांगलीत पत्रिका कोणी टाकत नाही, कारण वर गणपती असतो. गणपती कचऱ्यात कसा टाकणार? म्हणून घरोघरी माळ्यावर त्यांचा एक गठ्ठा पडलेला असतो. मी विचारायचा अवकाश, लोकांनी आनंदाने आणून दिल्या. साडेचार किलो भरल्या. डब्लिनच्या विमानतळावर बॅग उघडली तेव्हा तिथला गोरा माणूस पत्रिकांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला. "सो मेनी वेडिंग्ज?" म्हणाला. मी म्हटलं, "ऑल फिनिश्ड." त्याने सोडलं बिचाऱ्याने.

तर ही केतकी. हिला कार्डं बनवायचा नाद आहे. वाढदिवसाची, बारशाची, नव्या घराची, कोणाचा दात पडला तर त्याचीही. शिवाय आल्बम. त्यात फोटोंबरोबर बसची तिकिटं, चॉकलेटच्या चांद्या, नातीच्या पहिल्या बुटाची नाडी, सगळं चिकटवलेलं. माझ्या पत्रिकांतले गणपती तिने आठवडाभरात कापून डब्यात भरले आणि उरलेल्या सोनेरी कागदाची कमळं केली. मी गेले फेब्रुवारी २०२० मध्ये, एप्रिलला परतायचं म्हणून. पुढे काय झालं ते सांगायला नको. विमानतळाशेजारी सँट्रीला राहूनही वर्षभर विमानाचा आवाज कानावर आला तर नशीब.

आता स्पष्टच सांगते. मी या मुलीवर जळत होते. दीड वर्ष जळत होते, आणि एकाच घरात असल्यामुळे मला ते तीन वेळा जेवून करावं लागत होतं.

जेवायचं टेबल एकच. त्याच्या मधोमध केतकीने रंगीत चिकटपट्टी लावली होती. पट्टीच्या अलीकडे अन्न, पलीकडे कागद. वरणाची वाटी बोटभर पलीकडे गेली की ती जेवता जेवता, न बोलता, परत ओढायची. माझा मुलगा मिलिंद आणि नऊ वर्षांची नात इरा या सरहद्दीला सरावले होते. मी पहिल्याच दिवशी लिंबाची फोड पलीकडे ठेवली, तर इरा ओरडली, "आज्जी, नो! दॅट्स द पेपर साइड!"

आणि म्हणून काही घराकडे दुर्लक्ष होतं म्हणावं, तर तेही नाही. तिथेच तर माझी पंचाईत. दिवसभर ऑफिसचं काम घरातून, इराची शाळा घरातून, चार माणसांचा स्वयंपाक, आणि कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये एक फूल कापून तयार. मीटिंगमध्ये कॅमेऱ्यात चेहरा गंभीर आणि खाली मांडीवर हात टिकल्या चिकटवतायत. एकदा साहेबांनी काही विचारलं म्हणून तिने हात वर केला, तर बोटाला गुलाबी रिबिनीचं फूल लटकत होतं. साहेब म्हणाले, "लव्हली." मला पस्तीस वर्षांच्या नोकरीत कोणी लव्हली म्हटलं नाही.

तिचं एक पालुपद होतं. "थांबा, गम ओला आहे." दार वाजलं, थांबा, गम ओला आहे. डॉक्टरांचा माझ्या बीपीसाठी फोन आला, त्यांनाही इंग्रजीत तेच. एकदा स्वयंपाकघरातला धुराचा भोंगा वाजायला लागला, तेव्हा ही दोन बोटांनी कागद दाबून तिथूनच म्हणाली, "आई, जरा टॉवेल हलवा ना त्याच्याखाली, गम ओला आहे." मी हलवला टॉवेल.

दुसरी खोड म्हणजे वाकडं काही बघवायचं नाही. इराने शाळेसाठी कार्ड केलं की हिची स्टीलची पट्टी आणि कात्री निघालीच. "छान केलंस हं, फक्त कडा सरळ करू." कडा सरळ करता करता ते कार्ड इराचं उरायचं नाही. इरा खांदे उडवायची, "इट्स ग्रँड, मम्मा," आणि निघून जायची.

तिचे आल्बम मी चाळले. चाळले म्हणजे मोजले. आमच्या व्याहीणबाई अकरा पानांवर, मी चार. त्यातल्या एकावर मी अर्धी, कारण मधे केक आला होता.

मी पोस्टात होते, हे सांगायचं राहिलं. पस्तीस वर्षं लोकांची पत्रं हाताळली. राख्या, मनिऑर्डरी, रुसवे, सगळं माझ्या हातातून गेलं. मला स्वतःला आलं काय, तर ह्यांनी एकदा फळीवर ठेवलेली चिठ्ठी: 'सिलिंडर संपला आहे.' हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. ती चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे. असल्या बाईने कागदावर जळायचं नाही तर कशावर?

एकदाच मला तिची फजिती बघायला मिळाली. माझ्या दादाला पंचाहत्तर वर्षं होणार होती. केतकीने त्याच्यासाठी जुन्या काळचं वाटावं असं कार्ड केलं. चहात बुडवून पिवळं केलं, कडा जाळल्या आणि एक कोपरा झोकात फाडला. मी तेव्हा झोपले होते, नाहीतर तिथेच हात धरला असता. त्या दिवसांत टपाल रखडत जायचं. दोन महिन्यांनी सांगलीहून फोन आला. दादा रडत होता. "अगं, कोण गेलं?"

आमच्याकडे कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे मयताची खबर. ते घरातसुद्धा घेत नाहीत. दादाजवळ चष्मा नव्हता. फाटका कोपरा आणि परदेशी तिकीट एवढंच त्याने पाहिलं, आणि त्या दिवसांत कोणाचा भरवसा होता? तो कार्ड हातात धरून फाटकाबाहेर उभा, आणि वहिनीने आंघोळीचं पाणी तापत ठेवलेलं. "अरे दादा, तुझा वाढदिवस आहे," मी म्हटलं. तो म्हणाला, "म्हणजे मीच गेलो?"

केतकी हसली नाही. पांढरीफटक पडली. तिने त्याला चार वेळा फोन करून माफी मागितली आणि चार कोपऱ्यांचं नवं कार्ड पाठवलं. मला आतून जरा बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला बोलू? तेही दोनच दिवस टिकलं.

कारण खरं दुखणं वेगळंच होतं. ते होतं खिडकीपाशी.

मे महिन्यात माझा वाढदिवस झाला. सकाळी उशाशी कार्ड. वर चाफ्याचं फूल, आत लिहिलेलं, 'आईस, तुझा मिलिंद.' मिलिंदने! ज्याला शाळेत कात्री धरता येत नव्हती त्याने! चौथीत त्याने काढलेल्या आंब्याला बाईंनी वांगं समजून दहापैकी सहा गुण दिले होते. मला रडूच आलं. फोनवर सगळ्या सांगलीला ते कार्ड दाखवलं. पोर बायकोकडून एवढं तरी शिकलं म्हणून केतकीला मनातल्या मनात दोन गुण दिले.

जुलैत केतकीचा वाढदिवस आला. मिलिंदने तिला कार्ड दिलं. उघडलं की आतून सात कमळं उभी राहायची. सात! तीही मी वाहून आणलेल्या पत्रिकांची. मला एक चाफा, तिला सात कमळं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "अय्या, कधी केलंस रे?" आणि कार्ड खिडकीत मांडलं. तिथे मिलिंदने दिलेल्या कार्डांची रांगच होती, लग्नाच्या वाढदिवसांची, मदर्स डेची. समोरची आयरिश बाई फिरायला जाताना काचेतून बघायची आणि अंगठा दाखवायची. मी रोज चहा पिताना ती रांग बघत होते. बायकोसाठी हात वळतो, आईसाठी एक फूल. जन्म कोणी दिला?

असं वर्ष गेलं. माझी लस झाली. ऑगस्टचं तिकीट निघालं. केतकीचा पुढचा वाढदिवस आठवड्यावर आला होता. मला बॅगेला चिठ्ठी लावायला चिकटपट्टी हवी होती, म्हणून मी तिचं प्रेस उघडलं. प्रेस म्हणजे कपाट, इरा तसंच म्हणते. खालच्या खणात एक अर्धवट कार्ड होतं. निळं, जाळीच्या कातरकामाचं. आत पेन्सिलीने 'प्रिय केतकी'. अक्षर केतकीचं.

शेजारी कच्चा कागद होता. त्यावर मजकूर तीनदा लिहून पाहिलेला. पहिला होता, 'तू आहेस म्हणून हे घर आहे.' त्यावर काट. दुसरा, 'तू किती करतेस ते मला दिसतं.' त्यावरही काट, आणि बाजूला बारीक अक्षरात, 'हा असं म्हणणार नाही.' तिसरा, 'वाढदिवसाच्या शुभेच्छा.' त्यावर बरोबरची खूण. कार्डाच्या तळाशी छोटी पिवळी चिकटचिठ्ठी होती: 'मिलिंद, इथे सही कर.'

मी खण लावला आणि तिथेच खुर्चीवर बसले. खिडकीतली ती सगळी रांग तिनेच केली होती. माझा चाफाही. मला मुलाने काही दिलं असं वाटावं म्हणून हिने कुकरच्या शिट्ट्यांमध्ये तो कापला होता, आणि मी तो हिच्याच नाकासमोर फोनवर मिरवला होता. ती शेजारी उभी राहून "हो ना, किती छान केलंय ना त्याने," म्हणाली होती. मला स्वतःची लाज वाटली, आणि मिलिंदचा असा संताप आला की बीपीची गोळी अर्धा तास आधी घेतली.

वर जाऊन त्याच्या खोलीचं दार लावून घेतलं. "चाफा कोणी केला?"

तो आधी हसला, मग नाही हसला. "आई, तिला आवडतं ना ते. ती करते, मी सही करतो. सिस्टीम आहे आमची."

"आणि मजकूर?"

"तोही तिचा चांगला असतो गं. सही मी मनापासून करतो."

"मिलिंद," मी म्हटलं, "पोस्टात माझ्याकडे अंगठा लावणारी माणसं यायची. त्यांना अक्षर येत नसे, मी लिहून द्यायचे. पण काय लिहायचं ते त्यांचं ती सांगायची. तुझ्यासारखा एकही आला नाही."

त्याने लॅपटॉपचं झाकण मिटलं. काटलेली वाक्यं मात्र मी त्याला सांगितली नाहीत. ती केतकीची होती.

शनिवारी केतकी स्वतःची लस घ्यायला गेली, इराही बरोबर, तेवढ्यात त्याला टेबलाशी बसवला, पट्टीच्या पलीकडे. "काय काढू?" म्हणाला. "येतं ते काढ." दोन तास तो घाम पुसत होता. चार कागद फुकट गेले, गम कोपरापर्यंत आला. मी मदत केली नाही. बघवत नव्हतं, तरी केली नाही.

मंगळवारी वाढदिवस. निळं कार्ड केतकीने चिकटचिठ्ठीसकट आदल्या संध्याकाळीच त्याच्या लॅपटॉपवर आणून ठेवलं होतं. सकाळी तो खाली आला तो दुसरंच कार्ड घेऊन. केतकी गॅसपाशी होती. माझ्याकडे चोरून बघत हळूच म्हणाली, "अरे, हे कुठलं? ते कुठंय?" मी चहात बघत बसले.

"हे मी केलंय," तो म्हणाला.

कार्ड तिरकं कापलेलं. एका बाजूला गमाचा पोपडा. मधोमध पिवळं काहीतरी, देठासकट. आत त्याचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर: 'केतकी, हा आंबा आहे. मला एवढाच येतो. मिलिंद.'

इराने वाकून बघितलं. "मम्मा, इज दॅट अ वांगं?"

केतकीचा हात सवयीने स्टीलच्या पट्टीकडे गेला. हात पट्टीवर टेकला, तिथेच थांबला, आणि परत येऊन कार्डाची ती वाकडी कड नुसती धरून राहिला. कुकरची तिसरी शिट्टी झाली. चौथी झाली.

"केतकी, कुकर," मी म्हटलं.

"थांबा आई," ती कार्डावरची नजर न काढता म्हणाली, "गम ओला आहे."

गम शनिवारचा होता, केव्हाच वाळून खडखडीत झाला होता. माझ्या पाकिटात सिलिंडर संपला आहे आणि हिच्या हातात आंबा. दीड वर्ष जळले ते काहीच नव्हतं, खरी जळले ती त्या सकाळी. मग उठले आणि गॅस बंद केला.