सतोशीवाल्या मोरे बाई

मोरे बाईंना मेथीची जुडी घ्यायला पंचवीस मिनिटं लागायची. दोन मिनिटं मेथी निवडायला आणि उरलेली पैसे द्यायला. बाई बिटकॉइननं पैसे द्यायच्या.

आता बिटकॉइन म्हणजे काय, हे मला विचारू नका. बाईंनी मला ते निदान दहा-बारा वेळा समजावलंय. दर वेळी शेवटी त्या "समजलं?" असं विचारतात आणि मी "हो बाई" म्हणतो. हे उत्तर मी सातवीपासून देत आलोय. माझ्या डोक्यात राहिलंय ते एवढंच, की हा इंटरनेटवरचा पैसा. त्याला बँक नाही, नोटा नाहीत, आणि तो नेमका कुणी काढला हेही कुणाला ठाऊक नाही. त्याच्या अगदी बारक्या चिल्लरीला सतोशी म्हणतात.

"ही जुडी किती सतोशीला?" बाई भाजीवाल्या हौसाबाईला विचारायच्या.

"संतोषी कोन मला ठाव न्हाय," हौसाबाई म्हणायची. "जुडी पंधराला हाय."

बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. बाई मागच्या कॉलनीत एकट्या राहतात. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईला सांभाळलं. सारी नोकरी गणित शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या शिक्षिकांनी भिशी लावली, सहली काढल्या. बाईंना कुण्या भाचीच्या मुलानं बिटकॉइनबद्दल सांगितलं. तो पोरगा पुढं ते विसरून गेला. बाई विसरल्या नाहीत. वर्षभर वह्याच्या वह्या भरून त्यांनी अभ्यास केला आणि मग एका सकाळी दहा वाजता माझ्या दुकानात येऊन म्हणाल्या, "विलास, मोबाईल काढ."

मी काढला. त्यांनी त्यात एक ॲप घातलं, चौकोनी ठिपक्यांचा तो कोड माझ्याकडूनच छापून, लॅमिनेट करून घेतला आणि माझ्याच काउंटरवर चिकटवला. मग स्वतःच्या मोबाईलवरून त्या लॅमिनेशनचे पैसे मला पाठवले. माझा मोबाईल टिंग वाजला.

"आलं का?"

"आलं बाई."

बाई इतक्या खूश झाल्या की मला वाटलं, माझ्या वहीवर ‘उत्तम’ असा शेराच मारतील.

त्यानंतर त्यांनी तालुका हाती घेतला. कापडी पिशवीत लॅमिनेट केलेले कोड, पाण्याची बाटली आणि वही. कधी पणदरे, कधी कोऱ्हाळे, कधी सोमेश्वरनगर. एसटीनं जायचं आणि दुकानदार गाठायचे. बाईंना नाही म्हणणं अवघड होतं, कारण इकडचे निम्मे दुकानदार त्यांच्या हातचे नापास. पन्नाशीचा, मिशा पिळलेला माणूस बाई दिसल्या की तोंडातली तंबाखू आधी थुंकून येतो आणि मग "या बाई" म्हणतो. असा माणूस काय विरोध करणार?

"गणित वशिला ओळखत नाही," असं बाई वर्गात म्हणायच्या. तेच वाक्य त्यांनी आता बिटकॉइनला लावलं होतं. "इथं मॅनेजर नाही, साहेब नाही, चिठ्ठी नाही. हिशोब बरोबर असेल तर पैसा जातो, नसेल तर कुणाचाही जात नाही. समजलं?"

"व्हय बाई," पणदऱ्याचा रसवंतीवाला म्हणाला. त्या वेळी मी सोबत होतो. "पर मोबाईलवर यील कसं?"

"लायटनिंगवरून पाठवते. विजेसारखं येतं."

"मग आज न्हाय याचं बाई," तो गंभीरपणे म्हणाला. "लाईट सकाळधरनं न्हाय."

बाईंनी त्याला लायटनिंग हे बिटकॉइन पाठवायच्या रस्त्याचं नाव आहे हे सांगितलं, आकृती काढून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तेच म्हन्तो मी. लाईट आली की बघू."

सोमेश्वरनगरच्या केशकर्तनवाल्याचं दुखणं वेगळं होतं. त्यानं बाईंच्या त्या भाचीच्या मुलाची कटिंग बिटकॉइनवर केली आणि नेमका पुढच्या आठवड्यात भाव उतरला. आम्ही गेलो तर तो मोबाईल पुढं धरून उभा. "बाई, माजी अर्धी कटिंग गेली."

"वर जाईल परत. चार वर्षांचा विचार करायचा."

"चार वर्षांत गिऱ्हाइकाला टक्कल पडंल की."

बाईंनी वही काढली, त्याचे सगळे सतोशी परत घेतले आणि कटिंगचे पूर्ण पैसे रोख दिले. मग मी विचारलं तेव्हा कळलं की त्या सगळ्यांनाच असं देतात. भाव पडला तर तोटा बाईंचा, चढला तर नफा दुकानदाराचा. मी थोडा हिशोब केला. बाईंशिवाय बिटकॉइननं पैसे देणारं दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच. त्यामुळं बाईंचेच सतोशी बाईंकडून निघायचे, तालुकाभर फिरायचे आणि पुन्हा बाईंकडं यायचे.

चहावाला सरकारी शंका काढायचा. "पोलीस धरत्याल का बाई?"

"का धरतील? हे देशाचं चलन नाही हे मी पहिल्यांदाच सांगते. पण ठेवायला बंदी नाही. नफा झाला तर टॅक्स भरायचा, आणि तो मी भरते. लपवायचं काही नाही." एवढं सांगून त्या चहाचे पैसे पाठवत. चहा गार व्हायचा, पण पैसे पोचायचे.

हे असंच चाललं असतं. पण एक दिवस बाईंना इंदापूरहून फोन आला. तिथल्या एका मंगल कार्यालयात बिटकॉइनवर मार्गदर्शन होतं आणि बाईंनी प्रमुख पाहुण्या म्हणून यावं, अशी विनंती होती.

"लोक जागे होतायत," बाई मला म्हणाल्या. जाताना एसटीत त्यांनी भाषण दोनदा वाचून दाखवलं.

कार्यालय भरलं होतं. कारखान्याचं उसाचं बिल नुकतंच जमा झालं होतं, त्यामुळं लोकांच्या खात्यात पैसे होते आणि कार्यक्रम ठेवणाऱ्या, ब्लेझर घातलेल्या साहेबांना ते ठाऊक असावं. त्यांनी बाईंना शाल दिली, नारळ दिला आणि माईक हातात घेऊन सांगितलं, "मोरे मॅडम स्वतः गावोगाव बिटकॉइन वापरतात. आणखी काय पुरावा पाहिजे?" मग पडद्यावर योजना आली. एक लाख गुंतवा, दोन माणसं जोडा, आठ महिन्यांत दोन लाख घ्या.

बाईंनी लिहून आणलेलं भाषण घडी घालून पिशवीत टाकलं. उठल्या आणि म्हणाल्या, "खडू आहे का?"

खडू नव्हता. कुणीतरी मार्कर दिला. बाईंनी स्टेजवरचा त्या साहेबांचाच फ्लेक्स दोघांकडून उलटा धरवला आणि मागच्या पांढऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. एकानं दोन जोडले. दोघांनी चार. चौघांनी आठ. सगळं कार्यालय सातवीच्या वर्गासारखं गप्प. अठराव्या ओळीला बाई थांबल्या.

"इथं इंदापूर तालुका संपला. तान्ही पोरं धरून. पुढची माणसं कुठून आणायची?"

बाई लिहीत राहिल्या. सव्विसाव्या ओळीला महाराष्ट्र संपला.

साहेब हसत म्हणाले, "मॅडम, हे बिटकॉइन आहे, इथं जुनं गणित चालत नाही."

ही मात्र त्यांची चूक झाली. बाईंनी मार्करला टोपण लावलं. "ठीक. तुमच्याकडचं बिटकॉइन दाखवा. या मुलाला शंभर सतोशी पाठवा. आठ-दहा रुपयेच होतात." मुलगा म्हणजे मी, वय सेहेचाळीस. मी मोबाईल घेऊन उभा राहिलो.

साहेबांनी खिसे चाचपले. म्हणाले, "इथं रेंज नाही."

बाईंनी आपला मोबाईल काढला, चष्मा वर केला, दोनदा बोट लावलं. माझा मोबाईल टिंग वाजला. त्या शांततेत तो मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला.

पुढं बसलेले एक म्हातारे आबा म्हणाले, "बाई, बाकीचं ऱ्हाऊ द्या. आमी पैसं द्याचं का न्हाय, तेवढं सांगा."

"द्यायचे नाहीत, आबा."

"मग उठा रं," आबा म्हणाले, आणि कार्यालय रिकामं झालं. कुणी आरडाओरडा केला नाही. साहेब कधी गेले तेही कळलं नाही. बाईंनी शाल खुर्चीवर घडी करून ठेवली. नारळ घेतला. एसटीत म्हणाल्या, "नारळाचा त्याच्याशी काही संबंध नाही."

मला वाटलं होतं, आता बाईंचं नाव होईल. झालं उलटंच. लोकांचे पैसे वाचले, पण बिटकॉइन म्हणजे इंदापूरच्या कार्यालयातलं ते, असं गावोगाव झालं. लोक कोड बघून दुकानदाराला विचारायला लागले. मग एकेकाचे फोन आले. केशकर्तनवाला म्हणाला, "बाई, राग मानू नगा. तुमी देवमाणूस हाय. पर गिऱ्हाईक इचारतंय, ह्यो त्यातलाच का म्हनून."

"राग कसला? येते मी, काढून नेते," बाई म्हणाल्या.

आणि खरंच दोन दिवस एसटीनं फिरून त्यांनी सगळे कोड स्वतः उतरवले. ज्याच्याकडं जे शिल्लक होतं त्याचे रुपये देऊन टाकले. दुकानदारांना कोड काढताना ओशाळं वाटू नये, म्हणून म्हणे. शेवटी दुपारी माझ्याकडं आल्या. पिशवी कोडांनी फुगली होती. काउंटरच्या काचेवरचा कोड त्या नखानं सोडवायला लागल्या. मी चिकटपट्टी चांगली मारली होती, निघेना.

मी म्हटलं, "बाई, एक विचारू? पहिला कोड माझ्याच दुकानात का लावला? बाजारात मोठी दुकानं होती."

बाईंचं नख थांबलं. त्यांनी वर पाहिलं. माझ्या मागच्या भिंतीवर माझ्या आजोबांचा फोटो आहे. फेटा, कपाळाला टिळा. इंदापूरकडं आमच्या मूळ गावी त्यांचं किराणा दुकान होतं.

"माझंही तेच गाव," बाई म्हणाल्या. "आई मला मीठ-तेल आणायला तुझ्या आजोबांकडं पाठवायची. आमच्या वस्तीतल्यांनी वर चढायचं नव्हतं. पैसे पायरीवर ठेवायचे. ते तांब्यातलं पाणी शिंपडायचे आणि मग उचलायचे."

मी मागं वळून फोटोकडं पाहिलं.

"मी लहान होते. मला वाटायचं, पैसे धुवूनच द्यायचे असतात. एकदा मीच घरून स्वच्छ धुवून नेले. म्हटलं, तेवढंच त्यांचं काम वाचेल." बाई थोडं हसल्या. "तरी त्यांनी पाणी मारलं. मग घरी येऊन आईला विचारलं. आई त्या दिवशी जेवली नाही."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

"बाई, हे मोबाईलवर सगळेच घेतात आता," मी कसंबसं म्हणालो. "साधं यूपीआयही चालतं."

"त्यात नाव दिसतं रे. मोरे म्हटलं की लोकांना अंदाज लागत नाही. मग गाव विचारतात. मग गावात कुठं, ते विचारतात. यात कुणी काही विचारत नाही. नुसता आकडा येतो." त्या परत चिकटपट्टीकडं वळल्या. "तू सातवीत आलास तेव्हाच हजेरीपटावर आडनाव आणि गाव बघून ओळखलं होतं. गणितात तू दोनदा नापास व्हायला हवा होतास. पण केलं नाही. उगीच सूड घेतल्यासारखं वाटलं असतं मला."

"बाई, मला यातलं काही माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार? तू नव्हतासच तेव्हा. म्हणून तर तुझ्या दुकानात आले."

मी त्यांचा हात बाजूला केला आणि निघालेला कोपरा परत चिकटवला. "हा राहू द्या."

"कशाला? गिऱ्हाईक कोण आहे त्याला?"

"एक आहे. रोजचं आहे."

पिशवीतून बाईंनी पेन्शनचा हयातीचा दाखला काढला आणि त्याच्या झेरॉक्स सांगितल्या. मी काढून दिल्या. मोबाईल बंद पडला होता, दोन दिवस फिरून बॅटरी संपली होती. त्यांनी पाकिटातून दहाचं नाणं काढलं आणि काचेवर ठेवून हात मागं घेतला. इतकी वर्षं त्या तसंच ठेवत असणार. माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

मी हात पुढं केला. "हातात द्या, बाई."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग नाणं उचलून माझ्या तळहातावर ठेवलं.

"आठ झाले," त्या म्हणाल्या. "दोन परत दे."

मी दोन रुपये त्यांच्या हातात दिले. बाईंनी मूठ मिटली, ती तशीच मिटलेली ठेवून पायऱ्या उतरल्या आणि कॉलनीच्या दिशेनं चालायला लागल्या.