पहिला राखीव

स्पर्धेचं निमंत्रण आलं ते धाकट्या साडूला. थोरल्याला नुसतं पत्र आलं, 'आठ निमंत्रितांपैकी कुणी माघार घेतल्यास आपण पहिले राखीव खेळाडू असाल.' बावीस वर्षं स्नूकरवर पोट भरलेल्या थोरल्याने ते तीनदा वाचलं आणि त्याचा तिळपापड झाला. कालचं पोर निमंत्रित, आणि आपण राखीव!

त्यात स्पर्धा याच शहरात. म्हणजे पाहुणा उतरणार याच्याच घरी.

"अहो, पाहुण्यांना आतली खोली देऊ या. गादी चांगली आहे," बायको म्हणाली.

"नको, बाहेर हवा छान येते," थोरला म्हणाला. बाहेरचा दिवाण मधोमध खचलेला होता. त्यावर एकदा झोपलेल्या मेव्हण्याने पुन्हा या घरी मुक्काम म्हणून केला नव्हता.

सकाळी धाकटा खांद्यासकट वळला. "दादा, मान धरलीय. वर होतच नाही."

"अरेरे! मग माघार घे बाबा. तब्येतीपुढे स्पर्धा कसली?" थोरल्याने आवाजात जमेल तेवढं दुःख आणलं.

"तेच म्हणतोय मी."

थोरल्याने मनातल्या मनात स्वतःच्या जाकिटाला इस्त्रीसुद्धा केली. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"माघार कशाला? तुम्ही द्या की त्यांची मान चोळून. आणि चला, आपण दोघं सोडायला जाऊ."

थोरल्याने मान चोळली. जरा जास्तच मन लावून चोळली. होती नव्हती तेवढी हालचालही गेली. मग साडूची फजिती नीट दिसावी म्हणून तो हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसला.

आता धाकट्याच्या खेळात खोट एकच होती. फटका मारता मारता तो डोकं उचलायचा. कोच सांगून सांगून थकले होते. आज डोकं उचलायची सोयच नव्हती. लाल चेंडू गेला, काळा गेला, पुन्हा लाल. 'आता चुकणार,' थोरला दर फटक्याला पुटपुटत होता आणि बोटं चावत होता.

ऐन रंगात दारातून संयोजकांनी हात केला, बाहेर या. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. थोरल्याने मान हलवली, नाही. संयोजकांनी घड्याळ दाखवलं, मग त्याच्याकडे बोट केलं, मग टेबलाकडे. ह्यांचं काय मध्येच? आता तर अवघड फटका होता, हमखास चुकणारा! थोरल्याने कोपरापासून हात जोडले. संयोजक क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले आणि डोळे पुसत निघून गेले.

तोही चेंडू गेला. धाकटा जिंकला.

संयोजकांनी माइक घेतला. "मंडळी, दुपारच्या सामन्यातून एका खेळाडूने आयत्या वेळी अंग काढून घेतलं. ती जागा ह्या गृहस्थांची होती. मी बोलवायला आलो, तर ह्यांनी हात जोडले! साडूचा सामना सोडून उठायला तयार नाहीत. शेवटी दुसऱ्या राखीव खेळाडूला घ्यावं लागलं. असं मन आज कुठे बघायला मिळतं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकटा ताठ मानेने धावत येऊन गळ्यात पडला. "दादा, माझ्यासाठी?"

बायकोने पदर डोळ्यांना लावला. "आणि मी मेली तुम्हाला जळकुटे समजत होते!"

फोटोवाल्यांसमोर थोरल्याने नजर खाली वळवली, आणि सगळ्यांना तो विनय वाटला.