काळोखेंची वही

काळोखे लग्नपत्रिका जमवत. ओळखीच्यांच्याच असं नाही, कुणाच्याही. मुहूर्ताशी त्यांना देणंघेणं नसे. ते थेट खाली 'आपले नम्र'पाशी जात आणि आडनावं वाचत. नाशिकला आमच्या पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात नव्वद सालानंतरची दहा-बारा वर्षं ते माझ्या शेजारच्या टेबलावर होते. नवा माणूस आला की आम्ही त्याला चहा विचारायचो, काळोखे मूळ गाव विचारायचे.

"पाटील," ते मला म्हणायचे, "तुमचं आडनाव नाही, हुद्दा आहे. आडनाव म्हणजे पत्ता. माझ्याकडे पत्ता आहे, फक्त वाचता येत नाही."

वीज गेली की कुणीतरी म्हणायचं, "काळोखेसाहेबांचं राज्य आलं." ते हसायचे आणि अंधारातच नवा सिद्धांत मांडायचे. कधी पूर्वज मशालजी असत, कधी अवसेला जन्मलेले. एकदा देवळाली कॅम्पच्या बाजारात एका जवानाच्या छातीवर 'काळोखे' वाचून हे भाजीची पिशवी टाकून त्याच्यामागे धावले. तो गांगरला. म्हणाला, "साहेब, आमी संगमनेरकडचे. तुमचे नाय." बस चुकली, भाजी गेली, तरी दुसऱ्या दिवशी स्वारी खुशीत. "नाही म्हणाला, पण उभा राहून बोलला."

ही नुसती हौस नव्हती, हे मला उशिरा कळलं. आईच्या अस्थी घेऊन ते रामकुंडावर गेले होते. तिथल्या उपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात. गाव सांगितलं की वही निघते, गुरुजी पणज्यापासून नावं वाचून दाखवतात आणि खाली आपण आपल्या माणसाचं नाव लिहायचं. काळोखेंना गावच सांगता येईना. वडील चार-पाच वर्षांचे असताना पोरके होऊन शहरात आलेले. आडनावापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हतं.

"गुरुजी म्हणाले, गाव सांगा, वही काढतो. मी म्हटलं, वही काढा, गाव सांगतो." हा किस्सा ते ऑफिसात नक्कल करून सांगत. पुढचं मात्र एकट्या मला सांगितलं. "बाजूला सगळ्यांचे पणजे वाचत होते, पाटील. आमच्या आईचं नाव कुठंच लिहिलं गेलं नाही."

अनोळखी माणसासाठी कोण इतक्या वह्या चाळणार? आमच्या घराण्याचे गुरुजी ओळखीचे होते. त्यांना विचारतो, असं मी कबूल केलं. रामकुंड माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. आज दमलो, उद्या पाहुणे, असं करत वर्ष गेलं. काळोखेंनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला लाज वाटली, आणि मी म्हणालो, "विचारलं हो. त्यांच्याकडे नाही."

"विचारलंत ना," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढे आणले. कसले म्हणून कुणी विचारलं तर म्हणाले, "माझ्यासाठी पाटील रामकुंडावर गेले होते." मी दोन खाल्ले. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी काळोखे गेले. मूलबाळ नव्हतं. वहिनींबरोबर अस्थी घेऊन मीच गेलो, आमच्याच गुरुजींकडे.

"काळोखे?" गुरुजी म्हणाले. "पेठ तालुक्याकडचे एक आहेत माझ्याकडे."

पाच मिनिटंही लागली नाहीत. डोंगरातल्या एका पाड्याचं नाव, आणि शेजारी बारीक अक्षरात: घर काळोख्या दरीच्या तोंडाशी, म्हणून काळोखे. खाली एक अंगठा. त्याखाली, मुलगा नारायण, वय चार.

वहिनींनी त्या नावावर बोट ठेवलं. "हे आमचे मामंजी."

पुढचं पान कोरं होतं. सासूबाईंचंही नाव राहिलंय, असं वहिनींनी सांगितलं. गुरुजी म्हणाले, "आधी आईचं नाव लिहा, मग यांचं. लिहिणारा कोण?"

"दीर लिहा," वहिनी म्हणाल्या. मग वहीवरचं बोट उचलून, "गुरुजी, भाऊजी मागं एकदा तुमच्याकडे विचारून गेले होते. तेव्हा कसं नाही सापडलं?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहत राहिलो.

"माझीच नजर चुकली असेल, ताई," ते म्हणाले, आणि पेन माझ्या हातात दिलं.