परग्रहावरचा बांध

नीलिमाबाई मुलांसाठी परग्रहावरची कादंबरी लिहीत होत्या. साताऱ्यात त्यांचा संगणकाचा वर्ग होता, त्यामुळे ग्रहाचा नकाशा त्यांना संगणकाकडूनच काढून हवा होता. पुण्याच्या विक्रेत्याने तसे तीन प्रोग्राम वापरून बघायला दिले होते. कोणता घ्यावा हे ठरवायला त्यांनी शेजारच्या आकारामांना बोलावलं, कारण फौजेत पंधरा वर्षं आकारामांनी जवानांना नकाशा वाचायला शिकवलं होतं. सन शहाण्णव. परग्रह बघायचा म्हणून आकाराम पॅन्टला इस्त्री करून आले.

पहिला प्रोग्राम त्यांनी पाच मिनिटांत नापास केला. "बाई, ह्यात नदी डोंगर चढतीय."

"काका, परग्रहावर चढत असेल."

"तितंबी पाणी पाणीच असणार की!"

दुसऱ्याने ओळीने इडल्या मांडाव्यात तसे डोंगर मांडले. तोही गेला. तिसऱ्यात मात्र समुद्राची पातळी उतरवायची सोय होती. आकारामांनी कळ दाबली. निळा रंग मागे सरला आणि दोन डोंगरांमधून एक खोरं वर आलं. वळण घेणारी नदी, वळणाशी सपाट जागा.

आकारामांचं बोट कळेवरच राहिलं. पाटण तालुक्यातली, अशाच वळणावरची त्यांची वाडी चौतीस वर्षांपूर्वी धरणात गेली, तेव्हा ते सीमेवर होते. सुट्टीवर आले ते थेट पुनर्वसनाच्या माळावर. वाडीचा निरोप घ्यायचा राहूनच गेला होता.

"काका, बरं वाटत नाहीये का?"

"न्हाई... आजून जरा उतरवू का पाणी?"

जाताना त्यांनी त्या खोऱ्याची छापील प्रत मागून घेतली. एस.टी. स्टँडवर चहा पिता पिता तिच्यावर पेन्सिलीने वाडीतली नावं लिहिली, आणि कागद टेबलावरच विसरून घरी गेले. नेमका तो वाडीतल्याच धोंडीबाला सापडला. नकाशा वर्गाच्या जुन्या पाठकोऱ्या कागदावर छापला होता. मागे वर्गाचं नाव आणि पत्ता. धोंडीबाने माळावर जाऊन जाहीर केलं, "धरणाचं पाणी उतरवत्यात! नकाशाबी निघालाय!"

तिसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात अकरा माणसं उभी. हातात जुने सातबारे. धोंडीबा सगळ्यांच्या पुढे. "बाई, आमच्या जमिनी कवा मिळणार?"

नीलिमाबाईंनी घाबरून आकारामांना बोलावणं पाठवलं. ते आले, कागद बघितला आणि मान खाली घातली. "गड्यांनो, हे खरं न्हाई. असला ग्रहच न्हाई कुटं. नावं मी लिवली. उगंच."

धोंडीबाने सातबाऱ्याची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मग म्हाताऱ्या मनुबाईने कागद ओढून डोळ्यांजवळ नेला.

"आरं, पर हितं देऊळ चुकलंय. नदीच्या ह्या अंगाला पायजे."

"मनुआक्का, सगळंच खोटं हाय ते."

"मग खोट्यात तरी नीट काढ की!"

नीलिमाबाईंनी खोडरबर आणून दिलं. देऊळ नदीपार गेलं. पाणवठा आला, चिंचेखालचा पार आला. बाकं ओढून सगळे टेबलाभोवती बसले. त्या दिवशीचे विद्यार्थी परत गेले. सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर धोंडीबाने बोट ठेवलं. "आमचा बांध आंब्यापतूर व्हता."

"आंब्याच्या अलीकडं!" आकाराम कडाडले.

"आकाऱ्या, लय बोलू नगंस! तुज्या बापानंच दगडं सरकवली व्हती!"

चौतीस वर्षांत त्यांना आकाऱ्या कुणी म्हटलं नव्हतं. आकारामांनी बाह्या सरसावल्या. तासभर जोरात भांडण झालं. शेवटी गाडीची वेळ झाली म्हणून धोंडीबा तणतणत उठला. "उद्या येतो! तवा बगतो तुला!"

"ये की! भितो काय!"

सगळे गेल्यावर नीलिमाबाईंनी हळूच विचारलं, "काका, बांध नक्की कुठपर्यंत होता?"

"आंब्यापतूरच. धोंड्याचं खरं हाय," आकाराम म्हणाले. मग त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि बांधाची रेघ आंब्याच्या चांगली दोन बोटं अलीकडे, ठसठशीत ओढली.