दहाव्या टोल्याची मोहीम

आज्ञा जाहली की, कुस्तीसम्राट पोलादराव निवर्तल्यावर झेरॉक्सचे दुकानी कोणता प्रसंग गुदरला, कोणी कोणास शह दिला, तह कोणत्या कलमांवर ठरला, ते साद्यंत लिहोन ठेवणे, पदरचे तिखटमीठ लावू नये. त्यावरोन हे लिहिले. डोळां पाहिले ते पाहिले म्हणोन लिहिले, कानी आले ते सांगणाराचे भरवशावर लिहिले, आणि मिठाचे म्हणाल तर चवीपुरते पडले असेल, ते श्रोत्यांनी गोड मानावे.

पोलादराव म्हणजे टीव्हीवरील कुस्तीचे सार्वभौम. जांभळी तंग विजार, कमरेस सोनेरी पट्टा इतका रुंद की बसता येऊ नये, आणि गर्दन ऐसी की मान कोठे संपली आणि खांदा कोठे लागला याचा निवाडा होऊ नये. त्यांचा नामांकित प्रसंग येणेप्रमाणे: गनिमाने त्यांस उचलोन दोरांपलीकडे टाकावे, आणि त्यांनी निपचित पडावे, आणि पंचाने मोजणी आरंभावी. दहा मोजेतो जो आत परतला नाही तो हरला, हा त्या खेळाचा कानून. मग घरोघरी लहानथोरांनी पंचासंगे मोजावे, सात होवो, आठ होवो, रावांनी बोट हलवू नये, आणि नऊ म्हणताच एक हात दोरावर पडावा. ऐसे एकवीस वर्षे चालिले. दहा हा आकडा कोणी ऐकिला नाही.

त्यांचे निष्ठावंत सरदार झेरॉक्सवाले दादा. वय अठ्ठेचाळीस, चष्मा नाकाचे शेंड्यावर, लोकांचे दाखले आणि करारनामे यांच्या नकला करणे हा पेशा. मंगळवारी सकाळी गिऱ्हाईक भाडेकरार घेवोन उभे असता मोबाइलवर खबर आली की, राव झोपेतच गेले. दादांनी यंत्राचे काचेवर कागद ठेवावा तो हातच ठेविला, आणि कळ दाबिली, आणि त्यांच्याच पंजाच्या दोन प्रती बाहेर पडल्या. गिऱ्हाईक समजूतदार, ते म्हणाले, "दादा, मी उद्या येतो."

दुपारी दुकानी खलबत भरले. उजवे हातास सलूनवाले, हे गालावर वस्तरा ठेवोन वाद घालण्यात मशहूर. डावे हातास दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांचे दवाखान्यात रावांची तसबीर खुर्चीसमोर अशी लाविली की रोग्याने पाहोन धीर धरावा. मसलत ठरली की, कुस्तीच्या मुलखात योद्धा गेला म्हणजे आखाड्याची घंटा दहा वेळा वाजवितात आणि सर्वांनी उभे राहोन ऐकावे हा रिवाज, तरी रविवारी अकराचे सुमारास दुकानापुढे रावांस तीच सलामी द्यावी. हे सर्वांस पसंत पडले. घोडे अडले ते घंटेपाशी. सायकलची घंटी वाजवोन पाहिली, तो रस्त्यातील माणूस बाजूस सरकला. दवाखान्यातील टेबलघंटी वाजविली, तो "नेक्स्ट" म्हणोन एक रोगी आत आला. मोबाइलवरील घंटेस सलूनवाल्यांनी स्पष्ट नकार दिला की, आम्ही काय सम्राटास अलार्म लावितो आहो?

खरी घंटा पंचक्रोशीत एकच होती. शाळेची जुनी, पितळेची, बोटभर जाड, लाकडी हातोड्याने वाजवायची. शाळेत विजेची घंटा आली तेव्हा ही निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापिकाबाईंस निरोपाचे समयी बहाल जाहली. आणि त्या बाई म्हणजे दादांच्या सख्ख्या थोरल्या ताई, ज्यांशी दादांचा चार वर्षे अबोला.

अबोल्याचे कारण ऐसे. भाचीचे लग्नात, भर पंगतीत, नव्या व्याह्यांसमोर ताईसाहेब हसोन बोलिल्या की, आमचे बंधू खोट्या कुस्त्या बघून खऱ्या उशा भिजवतात. पंगत खदखदली. दादा हात धुवोन उठले ते उठलेच. उभयतांचे घरांमध्ये एकच गल्ली, परंतु तेव्हापासोन दादा दूध आणावयास जात ते वळसा घालोन जात. रविवारच्या मोहिमेत त्यांस भय कशाचे असेल तर त्या हसण्याचे होते, आणि राव तर त्यांचे काळजाचा तुकडा, त्यांस निरोपही हशात द्यावा लागतो की काय, हा घोर लागला.

प्रथम डॉक्टरीणबाई वकील म्हणोन रवाना जाहल्या. ताईसाहेबांची कवळी दुरुस्तीस त्यांचे कब्जात होती, सबब पारडे जड वाटले. परंतु ताईसाहेब कवळीवाचोनही कोणास ऐकणाऱ्या नव्हेत. जबाब आला: "घंटा भावाला हवीय ना? मग भावाने यावं. त्याला तोंड आहे की तेही तुमच्याकडे दुरुस्तीला आहे?"

मग बुधवारी दादांची खासा स्वारी निघाली. लिफ्ट बंद, सबब पहिले मजल्यावर मुक्काम, दुसरे मजल्यावर मुक्काम, तिसरे मजल्यावर दम घेवोन परत फिरण्याचा विचार. तो दार आपोआप उघडले. जिन्यातील धापेवरोन ताईंनी स्वारी ओळखिली होती.

"ये. चपला आत काढ."

दादा बसले नाहीत. उभ्यानेच मागणी मांडिली. ताईंनी सारे ऐकोन घेतले, हसल्या नाहीत, आणि पुसले, "किती टोले?"

"दहा."

"दहा कसे? दहा मोजले म्हणजे हरला ना तो?"

चार वर्षांची फौजबंदी त्या एका सवालाने मोडली.

"तुला कसं ठाऊक?"

"शेजारच्यांच्या टीव्हीपुढे तुझ्या मांडीला मांडी लावून मोजत कोण होतं? खोटीच आहे ती कुस्ती, आजही सांगते. पण दहा मी कधी ऐकलं नाही."

दादा घंटेचा होकार आणि सोबत हा सवाल घेवोन दुकानी परतले आणि दौलतीत दुफळी माजली. सलूनवाले म्हणाले, रिवाज तो रिवाज, दहाच पाहिजेत, उणी सलामी म्हणजे बेअदबी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नऊच. जे गनिमास एकवीस वर्षांत जमले नाही ते आपण आपल्या हाताने करावे काय? गुरुवार गेला, शुक्रवार गेला. एक गिऱ्हाईक अर्धी दाढी घेवोन कचेरीस गेले. शनिवारी उभय सरदारांनी एकमेकांचे दुकानावरोन जाणे सोडिले, आणि दादा मधल्यामध्ये, काय करावे सुचेना. दहा म्हणावे तर राव हरतात, नऊ म्हणावे तर सलामी पुरी होत नाही.

रविवारी साडेदहास सत्तावीस माणूस जमा जाहले, आणि नऊ की दहा हा गलबला चालिला असता ताईसाहेब रिक्षातोन उतरल्या. घंटा जुन्या चादरीत गुंडाळलेली, हातोडा काखेत. गलबला ऐकोन त्यांनी शाळेतील आवाज काढिला, आणि सत्तावीस माणूस रांगेत उभे राहिले, कोणी सांगितले नसता. मग फर्मान निघाले ते येणेप्रमाणे: मोजायचे नाही. ओठांनी नाही, बोटांनी नाही, मनातही नाही. मोजणारा नसेल तर हरणारा कोण? टोले ताई देतील, आणि दादांनी हात वर केला म्हणजे थांबतील. हा तह उभय पक्षी मंजूर जाहला.

घंटा दुकानाचे आडव्या लोखंडी दांडीस टांगिली आणि पहिला टोला पडला. तो आवाज ऐसा की समोरचे बाल्कनीतील बाई कपडे झटकणे विसरल्या. मोजू नये म्हणता मोजण्याची खोड जाते काय? सलूनवाल्यांनी ओठ दातांखाली धरिले. डॉक्टरीणबाईंनी मास्क चढविला. कोणी मुठी वळल्या, कोणी आकाशाकडे पाहिले. टोला पडे, विरे, आणि पुढील पडे.

आणि दादांनी हात वर करावा, तो दोन्ही हातांनी तोंड झाकिले. भर रस्त्यात, सत्तावीस माणसांदेखत, खांदे हलेतो रडू लागले.

ताईसाहेबांनी पाहिले. थांबल्या नाहीत. हा प्रसंग घंटेने झाकावा ऐसे मनी आणोन त्या टोले देतच राहिल्या. उजवा हात दुखला तेव्हा हातोडा डाव्या हाती घेतला, कपाळी घाम आला तो पुसला नाही. मागे एक टेम्पो येवोन उभा राहिला, त्याने हॉर्न दिला नाही. गल्लीत कोणास काही पुसावे ऐसे वाटले नाही. बहुत वेळाने दादांनी चष्मा पुसला, नाकी लाविला, आणि एक हात वर केला. मग टोले थांबले.

इतक्यात टेम्पोवाला खाली उतरोन म्हणाला, "किती झाले हो? मी आल्यापासून पंधरा-सोळा तरी झाले असतील."

ताईसाहेबांनी तीस वर्षे गणित शिकविले. अर्ध्या गुणासाठी पालक पाय धरीत, तरी अर्धा गुण कधी वाढविला नाही. त्यांनी हातोडा खाली ठेविला, बंधूंकडे पाहिले, आणि टेम्पोवाल्यास बोलिल्या, "नऊ."

सलूनवाले बोलिले, "नऊच." डॉक्टरीणबाईंनी मास्क काढोन मान डोलाविली. टेम्पोवाला अंमळ घोटाळला, मग सत्तावीस चेहरे पाहोन तोही नऊ म्हणाला.

सबब दफ्तरी लिहिले की, रविवारी दिवसा अकरा वाजोन गेलियावर झेरॉक्सचे दुकानापुढे सलामी जाहली, टोले नऊ पडले, साक्षीदार टेम्पोवाल्यासुद्धा अठ्ठावीस, पोलादराव अजिंक्य. फत्ते जाहली. हे रुजू असे.